कपाळावरचा अंगठा

ड्यूब्यूक, सोमवार, १५ नोव्हेंबर

मॅरिट,

हेही पत्र परत पाठवणार असशील तर पाकीट न फोडता पाठव. आधीच्या सहांपैकी चार तू फोडून पुन्हा चिकटवली होतीस. चिकटपट्टी एका अंगाला पाव इंच वर गेली होती. वाचलीस, एवढं मला पुरतं, असं मी तुझ्या आईला सांगतो. सात वर्षं पुरवतो आहे.

तुझी शेवटची चिठ्ठी माझ्या खिशातल्या पाकिटात आहे. ‘माझ्याशी बोलता येईल तेव्हा या.’ या एका ओळीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि मी तो लपवतही नाही. दुसऱ्या वर्षी तापात तुझे कान गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ही बोलणार नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाने वाचनालयातली अकरा पुस्तकं वाचली आणि एक आरसा, एक मेणबत्ती आणि एक पीस घेऊन तुला बोलायला शिकवलं. ‘प’ म्हटलं की ज्योत हलली पाहिजे. सहाव्या वर्षी तू ‘हेलिकॉप्टर’ म्हणालीस, अक्षर न् अक्षर स्वच्छ. आणि मला बोलता येत नाही?

असो. आज लिहितो आहे ते तुझ्या आईने बसवलं म्हणून. सकाळी मी विमानतळावरून घरी आलो तर कॉफी नाही, काही नाही. टेबलावर कागद आणि पेन.

“काल मैदानात काय केलंस ते मॅरिटला लिही,” ती म्हणाली.

“तिला फुटबॉलमध्ये काय रस?”

“लिही. आणि जसं घडलं तसं लिही. तुझ्या त्या अहवालात लिहितोस तसं, इंच न् इंच.”

तेव्हा घे.

काल टोलीडोला स्टॅग्ज आणि ओमाहा यांचा सामना. स्टॅग्ज म्हणजे सांबरं. त्यांच्या हेल्मेटवर दोन्ही बाजूंनी शिंगं रंगवलेली असतात, प्रेक्षकही डोक्यावर फोमची शिंगं लावून येतात. आम्ही सात पंच. माझी जागा कडेच्या रेषेवर, स्टॅग्जच्या बाकांच्या बाजूला. खेळ संपायला बावन्न सेकंद, स्टॅग्ज एकोणीस, ओमाहा तेरा. स्टॅग्जच्या हातून चेंडू निसटला आणि तो उचलला ओमाहाच्या थेरॉन ब्रूसार्डने. हा माणूस बचावाच्या पहिल्या फळीतला, तीनशे सव्वीस पौंडांचा. आठ वर्षं व्यावसायिक खेळला, पण चेंडू हातात घेऊन कधी पळाला नव्हता. समोरच्याला अडवायचं आणि पडायचं, एवढंच त्याचं काम. तो एकाहत्तर यार्ड पळाला. मी कडेने त्याच्या बरोबरीने पळत होतो, आणि मॅरिट, खरं सांगतो, पायाखालची जमीन मला जाणवत होती. मागून तीन जण आले, तिघेही त्याच्या अंगावरून ओघळले. रेषा ओलांडली तेव्हा मी दोन्ही हात वर केले आणि माझ्या अंगावर काटा होता. एकवीस वर्षांच्या पंचगिरीत हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे जे झालं ते माझं काम. नियम तुला सांगतो. पूर्वी गुण केल्यावर खेळाडू जमिनीवर लोळला तरी दंड होता. आता लोळा, नाचा, आख्खा संघ मिळून फेर धरा, सगळं माफ. पण प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून खिजवायचं नाही. या वर्षी तर वरून सक्त ताकीद आहे: खिजवणं दिसलं की दंडाचा पिवळा रुमाल मैदानात टाकायचा, विचार करत बसायचं नाही. दंड पंधरा यार्डांचा.

ब्रूसार्ड परत येताना स्टॅग्जच्या बाकांसमोर थांबला. त्यांच्याकडे तोंड केलं. उजव्या हाताची पाचही बोटं फाकवली, अंगठा कपाळाच्या मध्यावर टेकवला. एकदा नव्हे, दोनदा. सांबराची शिंगं. बाकांवरचे लोक उसळले. मी रुमाल टाकला. तो काही बोलला नाही.

नव्या सात गुणांसकट ओमाहा वीस–एकोणीस पुढे होते, पण दंडामुळे त्यांना पंधरा यार्ड मागून लाथ मारून चेंडू सोपवावा लागला, स्टॅग्जना चेंडू चांगल्या जागी मिळाला, आणि शेवटच्या सेकंदाला त्यांनी पन्नास यार्डांवरून खांबांमधून मारून तीन गुण घेतले आणि सामना जिंकला. बावीस–वीस. हे माझ्यामुळे झालं असं ओमाहात म्हणतात. मी म्हणतो, ब्रूसार्डमुळे.

आई हे वाचून “ठीक” एवढंच म्हणाली आणि आता पाकीट स्वतः टपालात टाकायला हात पुढे करून उभी आहे.

हार्लन व्होग्ट


बुधवार, १७ नोव्हेंबर

मॅरिट,

तू ते वाचलं असशील तर मी कुठे चुकलो हे तुला माझ्या आधी कळलं असणार. हात फाकवला, अंगठा टेकवला, हे मी तुला इंच न् इंच लिहून पाठवलं. तुला!

काल रात्रीच्या जेवणाला आईने बटाटे वाढले, समोर बसली आणि तिने तो हात केला. पाच बोटं, कपाळाच्या मध्यावर अंगठा, दोनदा.

“हे काय आहे, हार्लन?”

“शिंगं. पुन्हा सुरू नको करू.”

“अरे बाबा, शिंगं दोन असतात. मग हात एक का होता?”

एवढं नेमकं पाहणारा मी, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

“त्याचा बाप बहिरा आहे,” ती म्हणाली. “सोमवारच्या पेपरात आलंय. बाकांच्या मागे बाराव्या रांगेत बसला होता. मुलगा त्याला हाताने म्हणत होता, पपा.”

“हे पपा आहे?”

“हे पपा आहे. आपल्या मुलीने तुला एकदा म्हटलं होतं. आठवतं?”

मला आठवत नव्हतं. मॅरिट, मी खोटं बोलत नाही. ताटातले बटाटे गार झाले, तिने उचलून नेले, आणि तेव्हा आठवलं. तू साडेपाच वर्षांची. आयोवा सिटीच्या दवाखान्यात बाकावर एक बहिरा मुलगा तुझ्याशेजारी दोन तास बसला होता. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो, ट्रकमधून काटे तपासायची वजनं उतरवत होतो. तू अंगणातून पळत आलीस, थांबलीस, आणि कपाळाला अंगठा लावलास. तुझा चेहरा असा होता की जणू तुला काहीतरी सापडलं आहे. मी पन्नास पौंडांचं वजन खाली ठेवलं, तुझं मनगट धरलं आणि हात खाली केला. मग आत नेऊन मेणबत्ती लावली, आणि ‘प-पा’, ‘प-पा’, ज्योत दोनदा हलेपर्यंत. त्या रात्री फ्रिजवर मी नियमांचा कागद लावला. पहिला नियम: हात खाली.

त्या अकरा पुस्तकांपैकी नवांत तसंच लिहिलं होतं, हे मी तुला सांगणार होतो. आता सांगत नाही. म्हणजे सांगितलं, पण त्यात अर्थ नाही हेही लिहितो.

आणखी एक. तुझी आई दर मंगळवारी ल्यूथरन चर्चच्या तळघरात गोधड्या शिवायला जायची, चौदा वर्षं. तिथे गोधड्या शिवत नाहीत. तिथे हातांची भाषा शिकवतात. चौदा वर्षांत आपल्या घरात एकच गोधडी का आली, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही, आणि लोकांच्या धान्याचे काटे मी अर्ध्या पौंडाच्या चुकीसाठी बंद पाडतो.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तू कागद लावला होतास ना रे फ्रिजवर,” ती म्हणाली. “मी कपडे धुवायच्या खोलीत बोलायचे तिच्याशी. तिथे फ्रिज नव्हता.”

हार्लन


रविवार, २८ नोव्हेंबर

मॅरिट,

तुझं पत्र नाही आलं, पण माझीही दोन परत आली नाहीत. आज रविवार आणि मी घरी आहे. त्याचं कारण खाली.

आधी एक दुरुस्ती. पहिल्या पत्रात मी लिहिलं की ब्रूसार्ड काही बोलला नाही. बोलला. रुमाल पडल्यावर तो माझ्याकडे आला. घामाने निथळत होता आणि हसत होता. त्याला वाटलं असणार की गैरसमज आहे, सांगितलं की मिटेल.

“सर, माझे वडील तिथे बसलेत. मी त्यांना म्हणत होतो.”

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? “मग घरी जाऊन तोंडाने म्हण.”

त्याचं हसू गेलं नाही, पण ते तिथेच थांबून राहिलं. खिजवण्याचा नियम पंचांना लागू नाही. असता तर तो दुसरा रुमाल माझ्यावर पडायला हवा होता.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक सामन्याची चित्रफीत आम्हाला येते, चुका तपासायला. मी ती आवाज बंद करून लावली. त्या क्षणापाशी आलो आणि पहिल्यांदाच ब्रूसार्डच्या पलीकडे पाहिलं. बारावी रांग. आजूबाजूला फोमची शिंगं लावलेले लोक उभे राहून मुठी हलवताहेत, आणि त्यांच्यात तपकिरी टोपीतला एक म्हातारा, काळा, बारकासा. त्याच्या तोंडावर पूर्ण ऊन. तो बोलतो आहे. तोंड मिटलेलं आणि हात बोलताहेत. मी मैदानावरच्या रेषा धरून अंतर काढलं: बाप आणि लेक यांच्यात त्रेपन्न यार्ड. अडुसष्ट हजार माणसं ओरडत होती. त्या गदारोळात मला माझीच शिट्टी ऐकू येत नव्हती, संघांचे प्रशिक्षक कानात यंत्रं घालूनही एकमेकांना “काय? काय?” करत होते. आणि त्या सगळ्याच्या आरपार दोन माणसं निवांत बोलत होती, स्वयंपाकघरात बसल्यासारखी.

मी ते चाळीस वेळा पाहिलं. मॅरिट, मी वीज पडताना पाहिली आहे, मिसिसिपीचं पाणी आपल्या गावातल्या दिव्याच्या खांबांच्या गळ्याशी आलेलं पाहिलं आहे. पण असं थक्क मी कधी झालो नव्हतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही की मी तिथेच उभा होतो. त्यांच्या बरोबर मधे. ते बोलणं माझ्या डोक्यावरून जात होतं आणि मला वाटत होतं की मैदानात मला न कळणारं काही नाही.

त्यांचं ते बोलणं आईला अर्धंच वाचता आलं. म्हणाली, मिसेस लिंडक्विस्टना दाखव. ऑर्फा लिंडक्विस्ट, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, जन्मापासून बहिऱ्या. तळघरातला वर्ग त्याच चालवतात. मंगळवारी मी संगणक काखेत मारून गेलो. त्यांनी चष्मा पुसला, फीत दोनदा पाहिली, खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि पांढऱ्या फळ्यावर लिहीत गेल्या. मी ते उतरवून घेतलं आहे.

मुलगा: पपा! पपा! पाहिलंत?

बाप: पाहिलं. जिन्यावरून कपाट सुटल्यासारखा पळत होतास.

मुलगा: पडलो नाही ना पण!

बाप: देवाची कृपा. जमीन वाचली.

मग माझा रुमाल पडतो. ब्रूसार्ड माझ्याकडे येतो, परत वळतो. त्याची पाठ कॅमेऱ्याकडे, पण हात कडेने दिसतात.

बाप: ते पिवळं कशाबद्दल?

मुलगा: तुम्हाला पपा म्हटल्याबद्दल.

इथे लिंडक्विस्टबाई थांबल्या. खडू नसतो त्या फळ्याला, पेन असतं. ते त्यांनी टोपण लावून खाली ठेवलं. मी म्हटलं, पुढे? त्यांना ऐकू येत नाही हे विसरून मोठ्याने म्हटलं. माझा चेहरा पाहून त्यांनी पेन पुन्हा उचललं.

बाप: पंधरा यार्ड? स्वस्तात सुटलास. माझ्या शाळेत हातांनी बोललं की पट्टी बसायची, बोटांच्या पेरांवर.

आणि बाप हसतो आहे. मॅरिट, ते फितीत स्वच्छ दिसतं. तो हसतो आहे आणि पोरगाही हसतो आहे.

लिंडक्विस्टबाईंनी फळा पुसला आणि आपले दोन्ही हात माझ्यासमोर टेबलावर पालथे ठेवले. पेरांवरच्या खुणा मी पाहिल्या. त्या दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, म्हणजे राग नव्हता. मग त्यांनी लिहिलं, “म्हातारा हुशार आहे. उन्हाकडे तोंड करून बसलाय, म्हणजे पोराला त्याचे हात दिसावेत. आम्ही सगळे तसेच बसतो.” बाप म्हणे बॅटन रूजला एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात होता. मुलाच्या प्रत्येक सामन्याला उन्हाची बाजू बघून स्वतः तिकीट काढतो, मग ती बाजू कुणाचीही असो. म्हणून त्या दिवशी तो स्टॅग्जच्या बाकांमागे होता. म्हणून ते सगळं.

त्याच रात्री मी सामने भरवणाऱ्या कचेरीला पत्र लिहिलं. लिहिलं की तो इशारा नव्हता, शब्द होता, मी चुकलो, खेळाडूला वर पैशांचा दंड लावू नये, आणि मी त्याला जे बोललो तेही लिहिलं. मुख्य पंच वॉल्टर श्टुके, माझा बारा वर्षांचा सोबती, फोनवर म्हणाला, “अरे वेड्या, पहिला भाग लिहायचास, माणूस चुकतो. दुसरा कशाला लिहिलास? तो कुणी ऐकला होता?”

“त्याने ऐकला होता,” मी म्हटलं.

ब्रूसार्डवरचा दंड रद्द झाला. मला उरलेल्या मोसमात बोलावणं नाही. हे तुला माझी कीव यावी म्हणून लिहीत नाही. रविवारी घरी का आहे, ते विचारशील, म्हणून.

पपा


शनिवार, ११ डिसेंबर

मॅरिट,

तुझं पोस्टकार्ड आलं. मी हातांची भाषा शिकतो आहे हे आईने कळवलेलं दिसतं. समोर रॉचेस्टरचा धबधबा, मागे तीन शब्द: ‘किती शब्द येतात?’

एकशे चौदा. काल रात्री मोजले. त्यात ‘जिना’ आणि ‘कपाट’ आहेत. वाक्यं अजून होत नाहीत. माझी बोटं जाड आहेत आणि उजव्या हाताची करंगळी एकदा वजनाखाली सापडली होती, ती वेगळी उभी राहत नाही. वर्गात आम्ही शिकणारे आठ जण. बाकी सात तरुण आया, कडेवर बहिरी पोरं. ती पोरं, दीड-दीड वर्षांची, मला हसतात. एकीने माझा ‘दूध’ पाहून आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

पण मंगळवारी जे झालं ते सांगायला हवं.

या भाषेत प्रत्येकाला एक नाव असतं, हाताचं, हे मला वर्गातच कळलं. लिंडक्विस्टबाईंचं नाव म्हणजे गालावरून खाली येणारं एक बोट. लहानपणी तिथे वण होता. मला वाटलं, माझंही हवं. मग मी नेहमी करतो ते केलं. वाचनालयातून पुस्तक आणलं, दोन रात्री बसलो आणि स्वतःचं नाव तयार केलं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर ‘एच’, त्या अक्षराचा हात, तो छातीपासून काट्यासारखा समतोल होत जातो, कारण माझा धंदा काट्यांचा. चांगलं होतं. आरशासमोर बसवलं होतं. मंगळवारी वर्गात उभा राहिलो आणि करून दाखवलं.

सातही आया लिंडक्विस्टबाईंकडे बघू लागल्या. बाईंनी मला पुन्हा करायला लावलं. मी केलं. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं, आणि तुझी आई, जी माझ्या बाजूची असायला हवी होती, तीही डोळे पुसत होती.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, “पन्नास वर्षं शिकवतेय. स्वतःचं बारसं स्वतः करणारा पहिलाच.”

मी लिहिलं, “मग कसं करायचं? कुठल्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात नाही. ते घेता येत नाही. बहिऱ्या माणसाने द्यावं लागतं, आणि तेही ओळखणाऱ्याने.” मग त्यांनी खाली लिहिलं, “तुला कोण ओळखतं?”

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. काटे दुरुस्त करणं, नियमांचं पुस्तक, घराची वायरिंग, तुझं बोलणं, जे जे मला येतं ते मी कुणालाही न विचारता मिळवलं आहे आणि त्याचा मला गर्व आहे, हो, अजूनही. पेन अजून माझ्याच हातात होतं. मग तुझं नाव लिहिलं.

बाईंनी तुझ्या आईकडे पाहिलं. दोघींचे हात हलले, भराभर, मला एकही शब्द लागला नाही. घरी येताना गाडीत मी आईला विचारलं.

“काय म्हणत होतात?”

“त्यांनी विचारलं, मुलीने बापाला नाव दिलंय का. मी म्हटलं, कधीच दिलंय. सातवीत असताना.”

मी गाडी कडेला घेतली.

“काय आहे?”

“नाही सांगणार.”

“जोअॅन, मी काय पोर आहे का? वाईट आहे?”

“तुझ्यासारखं आहे,” ती म्हणाली. “पण ते माझं नाही. तिचं आहे. तिनेच दाखवायचं.”

म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या त्या धुण्याच्या खोलीत, शाळेत तुझ्या मैत्रिणींमध्ये, आणि तुझ्या रॉचेस्टरच्या घरातही कदाचित, कुणी मला एका हाताच्या हालचालीने हाक मारत आलं आहे आणि मी ती कधी पाहिलेली नाही. चांगलं नसणार एवढं मला कळतं. माझ्या कपाळाच्या आठीवरून असेल, नाहीतर फ्रिजवरच्या कागदावरून. खिजवणारं असलं तरी असू दे. मी आजवर जे काही मिळवलं त्यातलं मला कुणी दिलेलं नाही, आणि हे दिलेलं आहे. मी नसताना, मला न विचारता, सातवीतल्या पोरीने.

पुढच्या रविवारी मी येतो आहे. दुपारी दोनला, तेव्हा तुझ्या पायरीवर ऊन असतं. आईला विचारून घेतलं. आत बोलावू नकोस. एकदा करून दाखव, सावकाश, म्हणजे मला शिकता येईल. मग दार लावून घेतलंस तरी चालेल.

खाली सही करत नाही. नाव तुझ्याकडे आहे.